संगणकातला पाहुणा आणि त्याचा परवाना



अनेक घरांत आणि मंडळांच्या कपाटांत जुन्या सीडी पडून असतात. पेजमेकरमध्ये जुळवलेल्या स्मरणिका, सभासद-सूची, कुलवृत्तान्त असे बरेच काही त्यांत असते. हा मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असेल, तर नव्या संगणकावर त्याचा अर्थ लागत नाही. त्याला जुनी विंडोज आणि तेच जुने फॉन्ट लागतात.

जुना संगणक बंद पडल्यावर व्हर्च्युअल मशीन कामी येते. व्हर्च्युअलबॉक्ससारखे सॉफ्टवेअर आपल्या संगणकाच्या आत दुसरा संगणक उभा करते. बाहेरची ऑपरेटिंग सिस्टीम यजमान, आतली पाहुणी. मात्र घर आपले असले, तरी कोणता पाहुणा आत घ्यायचा हे दरवेळी आपल्या हातात नसते.

पहिली आडकाठी परवान्याची. 2007 साली विंडोज व्हिस्टाच्या होम बेसिक आणि होम प्रीमियम या स्वस्त आवृत्त्या व्हर्च्युअल मशीनमध्ये वापरण्यास परवान्यात मनाई होती. महागड्या आवृत्त्यांना मुभा होती. तांत्रिक अडचण काहीच नव्हती. जानेवारी 2008 मध्ये मायक्रोसॉफ्टने ही मनाई उठवली. नव्या संगणकासोबत आलेली ओईएम विंडोज मात्र त्याच यंत्राशी बांधलेली असते. म्हणून ती दुसऱ्या संगणकात पाहुणी म्हणून नेता येत नाही.

ॲपलचा नियम अधिक कडक आहे. मॅकओएस फक्त ॲपलच्याच यंत्रावर पाहुणी होऊ शकते, तीही एका वेळी दोनच. एम मालिकेच्या मॅकवर ही मर्यादा प्रणालीतच बसवलेली असल्याने तिसरी सुरूच होत नाही.

दुसरी आडकाठी प्रोसेसरची. विंडोज एक्सपी इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरसाठी बनलेली आहे. एम मालिकेच्या मॅकवर ती चालवायची, तर त्या प्रोसेसरची नक्कल करणारे यूटीएमसारखे सॉफ्टवेअर लागते आणि काम बरेच संथ होते.

तेव्हा जुना संगणक भंगारात देण्याआधी तीन गोष्टी कराव्यात. विंडोजची मूळ सीडी, तिची की आणि फॉन्ट जपून ठेवावेत. यंत्र चालू असेपर्यंत प्रत्येक अंकाची पीडीएफ काढावी आणि मजकूर युनिकोडमध्ये उतरवावा. एक्सपी पाहुणी म्हणून चालवलीच, तर तिला इंटरनेट जोडू नये. तिची सुरक्षा-दुरुस्ती एप्रिल 2014 मध्येच थांबली आहे.

परवाना कंपनीचा असला, तरी आतला मजकूर आपल्या आजी-आजोबांचा आहे. तो वेळेत बाहेर काढून ठेवू या.