बेरीज यंत्र करते. प्रश्न कोण विचारणार?

डोंबिवली म्हणजे चाकरमान्यांचे गाव, असे पूर्वी थोडे कौतुकाने आणि थोडे कुचेष्टेने म्हटले जाई. बँका, विमा कंपन्या, रेल्वे, मंत्रालय, गोदी अशा मुंबईतल्या कितीतरी कचेऱ्यांच्या खातेवह्या ठाणे, कल्याण, डोंबिवलीहून सकाळच्या लोकलने येणाऱ्या माणसांनी सांभाळल्या. ताळा जुळेपर्यंत जागेवरून न उठणारी ती पिढी. पुढे संगणक आला आणि बेरजेचे काम माणसाच्या हातून गेले. आज त्यांचीच मुले आणि नातवंडे 'एमआयएस एक्झिक्युटिव्ह' किंवा 'डेटा अ‍ॅनालिस्ट' असे हुद्दे लावून त्याच लोकलला लोंबकळतात. आता तर तक्ते आणि आलेखही यंत्र क्षणात काढून देते. मग या मुलांनी करायचे काय, ही घरोघरची काळजी आहे.

काळजी रास्त आहे, पण उत्तर नाही असे नाही. आलेल्या आकड्याला प्रश्न विचारणे आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यालाही ते विचारायला शिकवणे, हे काम यंत्राने अजून आपल्याकडून घेतलेले नाही. याला हल्ली 'डेटा साक्षरता' म्हणतात. अक्षरे गिरवता येणे आणि अर्ज वाचून कळणे यांत जो फरक, तोच आकडे भरणे आणि आकडे वाचणे यांत आहे.

आपल्याच गावाचा आकडा

घरचेच उदाहरण घेऊ. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे एक कोटी दहा लाख होती. देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा तो हाच. १ ऑगस्ट २०१४ रोजी त्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. नाव मात्र 'ठाणे' हेच राहिले. आता कुणी २०११ चे आणि २०१६ चे 'ठाणे जिल्ह्या'चे आकडे शेजारी मांडून शाळा घटल्या, दवाखाने घटले असा निष्कर्ष काढला, तर? बेरीज अचूक आणि निष्कर्ष साफ खोटा!

कल्याण-डोंबिवलीचेही तसेच. २०११ मध्ये महापालिकेच्या हद्दीत साडेबारा लाखांच्या आत-बाहेर माणसे होती. २०१५ मध्ये हद्दीत सत्तावीस गावे आली. दरडोई पाणी किंवा कचरा काढताना वर मोठ्या शहराचा आकडा आणि खाली लहान शहराची लोकसंख्या घेतली, तर संगणक तक्रार करत नाही. तो निमूटपणे भागाकार करून देतो. हद्द कधी बदलली हे त्याच्या शेजारी बसणाऱ्या, वीस वर्षे तिथे काम केलेल्या माणसाला ठाऊक असते. आकडा कुठून आला हे ज्ञान बहुधा कचेरीतल्या माणसांकडेच असते. नव्या व्यवसायाचे खरे भांडवल हेच आहे.

ही सवय नसली तर काय होते, ते इंग्लंडने २०२० च्या शरद ऋतूत पाहिले. कोरोनाची बाधा झालेल्या जवळजवळ सोळा हजार जणांची नोंद वरच्या यादीत वेळेवर पोचलीच नाही. कारण साधे होते. एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळींपुढे जागाच नसते. त्या रुग्णांच्या सहवासातल्या माणसांना सावध करायला उशीर झाला. पाठवले तेवढे पोचले का, हे ताडून पाहणे आपल्या जुन्या कारकुनाच्या अंगवळणी पडलेले होते.

ही शाळा जुनीच

कामाच्या जागी आकडे शिकवण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये कारखान्यासाठी एक तक्ता आखला. वर एक रेघ, खाली एक रेघ. मोजमापाचे ठिपके दोहोंच्या मध्ये असतील तर यंत्राला उगाच हात लावायचा नाही. बाहेर गेला तर कारण शोधायचे. १९४७-४८ मध्ये प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट भारतात आले. पुढे भारतीय सांख्यिकी संस्थेने हे शास्त्र देशातल्या कारखान्यांत नेले. ठाण्याची वागळे इस्टेट १९६२ नंतर उभी राहिली. तिथे उमेदवारी केलेल्या जुन्या फोरमनना 'क्यू.सी.'चे तक्ते आठवत असतील. तो तक्ता भरायला पदवी लागत नव्हती. कुणीतरी नीट समजावून सांगितलेले असावे लागे. असा समजावणारा माणूस आज बँकेला, इस्पितळाला, गोदामाला आणि महापालिकेलाही हवा आहे.

वाट कशी धरावी

संख्याशास्त्राची पदवी असेल तर उत्तमच, पण वाणिज्य शाखेच्या मुलांनी बिचकण्याचे कारण नाही. एक्सेल नीट यावे. साठवलेल्या माहितीतून हवे ते काढण्यासाठी एसक्यूएल शिकावे. सरासरी, मध्यक आणि टक्केवारी यांचा अर्थ पक्का असावा. तक्रारी शंभरात चारवरून सहावर गेल्या, तर वाढ दोन टक्क्यांची की पन्नास? शंभरामागे दोन वाढल्या हे खरे, आणि आधीच्या मानाने निम्म्याने वाढल्या हेही खरे. साहेबांपुढे कोणते सांगितले आणि का, हे ज्याला उलगडून सांगता येते तो या व्यवसायात शिरला म्हणायचे.

जाहिरातीत या कामाची जागा याच नावाने क्वचित दिसेल. सुरुवात आपल्याच खात्यातून करावी. दरमहा निघणारा पण कुणी न वाचणारा एखादा अहवाल घ्यावा. त्यावरून कोण कोणता निर्णय घेतो हे विचारावे आणि बिनकामाचे रकाने गाळावेत. जेवणाच्या सुट्टीत चार सहकाऱ्यांना अर्धा तास शिकवावे. उदाहरणांत ग्राहकांची खरी नावे, फोन नंबर घेऊ नयेत. २०२३ च्या कायद्याने वैयक्तिक माहितीची जबाबदारी वाढवली आहे. शिकवल्यावर कोणत्या चुका किती कमी झाल्या याची वही ठेवावी. मुलाखतीत ती वही क्लासच्या प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलते. क्लास लावायचाच असेल, तर सरावाला अर्धवट, चुकांनी भरलेली माहिती देतात का, हे आधी विचारावे. नोकरीत तशीच मिळते. संसारासाठी नोकरी सोडलेल्या आणि पुन्हा उभे राहू पाहणाऱ्या स्त्रियांनी हिशेबाचा जुना अनुभव कमी लेखू नये.

यात एक अवघड पायरी आहे. आकडा चुकलाय, हे वरिष्ठाला त्याचा मान राखून सांगणे. ते कुठल्याच अभ्यासक्रमात नसते, सरावानेच येते.

तो सराव घरातही होतो. सोसायटीच्या वार्षिक सभेचा जमाखर्च आला की तो कपाटात न टाकता मुलांपुढे ठेवावा. पाण्याच्या टँकरचा खर्च यंदा का वाढला, हे त्यांना शोधू द्यावे. उत्तर चुकले तरी हरकत नाही, प्रश्न विचारायचा हे कळले म्हणजे पुष्कळ झाले.