मैदानावरील मनगटी घड्याळ

चावीचे घड्याळ बांधून खेळावयास उतरल्यास त्याची वेळ बिघडते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती कितपत खरी आहे हे पाहावयाचे, तर घड्याळाची अंतर्रचना थोडी समजून घ्यावी लागते.

हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने 1961 मध्ये बंगळूर येथे घड्याळांचा कारखाना काढला. केंद्र सरकारने 2016 मध्ये हा घड्याळ-व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला. तरी तिचे ‘जनता’ घड्याळ आजही अनेक घरांत जपलेले आढळते. त्यातील तोलचाक सेकंदाला पाच, म्हणजेच दिवसाला 4,32,000 ठोके देते. हे चाक सर्व बाजूंनी समतोल असल्यामुळे हात नुसता पुढेमागे हलल्याने त्याच्या गतीत फारसा फरक पडत नाही. घड्याळ तबकडीच्या पातळीत झटक्याने फिरले, तरच ती गती क्षणभर कमीअधिक होते. आणि उलटसुलट झटक्यांचा परिणाम बहुतांशी परस्परांत फिटतो.

समजा, गाझियाबादच्या एखाद्या मैदानावर कोणी तासभर धावला आणि तेवढ्या वेळात घड्याळाची चाल दिवसाला 20 सेकंद या प्रमाणात ढळली. तरीही प्रत्यक्ष चूक एका सेकंदाहून कमीच भरेल. एरवीही असे घड्याळ दिवसाकाठी काही सेकंद पुढेमागे होतच असते.

खरा धोका आघाताचा असतो. हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटत, म्हणून 1931 मध्ये ‘रिव्हर्सो’ हे उलटे फिरवून ठेवता येणारे घड्याळ निघाले, असे सांगतात. त्याने काच वाचली. परंतु आतील नाजूक भागांना बसणारा हादरा टळला नाही. तोलचाकाच्या आसाची टोके जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाडीची असतात. ‘जनता’मधील ‘पॅरा शॉक’सारख्या योजनेत या टोकांना आधार देणारे खडे बारीक स्प्रिंगने धरलेले असतात, ते किंचित सरकतात आणि टोके वाचतात. ही सोय नसलेल्या जुन्या घड्याळात तीच टोके वाकतात किंवा मोडतात. कधी केसासारख्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांत अडकतात. स्प्रिंगची कार्यकारी लांबी घटते आणि घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटे पुढे जाऊ लागते.

तेव्हा चालताना वा धावताना घड्याळ हातात असण्यास हरकत नाही. बॅट किंवा रॅकेट हाती घेण्यापूर्वी मात्र ते उतरवून ठेवणेच श्रेयस्कर होय. खेळानंतर ते एकाएकी मिनिटा-मिनिटांनी पुढे पळू लागल्यास काटे मागे करून भागत नाही. ते कारागिराकडेच न्यावे लागते.