घरकुलाचे अनुदान : मंजुरीपासून छपरापर्यंत

घरकुलांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली, लाभार्थ्याच्या हाती मंजुरीपत्र पडले आणि पहिला हप्ता बँकेत जमा झाला, की त्या कुटुंबाचा निवाऱ्याचा प्रश्न सुटला असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः प्रश्नाचा खरा भाग तेथूनच सुरू होतो. जागा, पाया, जोते, भिंती आणि छप्पर ही प्रत्येक पायरी कुटुंबाला स्वतः चढावयाची असते. ज्याच्यापाशी थोडीबहुत शिल्लक आहे तो ती चढून जातो. ज्याच्यापाशी काहीच नाही त्याचे काम मध्येच थांबते. योजना ज्याच्यासाठी आखली तोच नेमका मागे राहू नये, हे पाहण्याची जबाबदारी पंचायत, शिक्षक व ग्रामस्तरावरील अधिकारी यांच्यावर येते. या दृष्टीने घरकुल अनुदानाची रचना समजून घेणे अगत्याचे आहे.

पूर्वपीठिका

ग्रामीण गृहनिर्माणासाठी शासकीय साहाय्य ही कल्पना नवी नाही. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात, १९५७ मध्ये, ग्राम गृहनिर्माण कार्यक्रम सुरू झाला. त्यात घरासाठी कर्ज दिले जात असे. परंतु कर्ज फेडण्याची ऐपत व तारण देण्याजोगी मालमत्ता ज्यांच्यापाशी होती, त्यांनाच त्याचा उपयोग होऊ शकला. भूमिहीन मजूर त्यापासून दूरच राहिले. पुढे चौथ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात भूमिहीन शेतमजुरांना घरासाठी जागा देण्याची योजना आली आणि निवाऱ्याचा प्रश्न हा मुळात जागेचाही प्रश्न आहे, ही गोष्ट धोरणात प्रथमच ठळकपणे मान्य झाली.

१९८५ मध्ये ग्रामीण भूमिहीन रोजगार हमी कार्यक्रमाचा एक भाग म्हणून इंदिरा आवास योजना सुरू झाली. कर्जाऐवजी अनुदान हे तिचे वैशिष्ट्य होय. आरंभी ती अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि मुक्त झालेले वेठबिगार यांच्यापुरती होती. १९९३-९४ पासून इतर गरीब ग्रामीण कुटुंबांनाही तिचा लाभ मिळू लागला आणि १ जानेवारी १९९६ पासून ती स्वतंत्र योजना झाली. १ एप्रिल २०१६ पासून तिची पुनर्रचना होऊन प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) अमलात आली. २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ही योजना २०२८-२९ पर्यंत चालू ठेवण्यास व आणखी दोन कोटी घरे बांधण्यास मंजुरी दिली.

अनुदान किती व कशाचे?

या योजनेखाली सपाट प्रदेशातील कुटुंबास रु. १,२०,००० आणि डोंगराळ व दुर्गम क्षेत्रातील कुटुंबास रु. १,३०,००० इतके साहाय्य ठरविण्यात आले. महाराष्ट्रासारख्या राज्यात त्यातील ६० टक्के वाटा केंद्राचा व ४० टक्के राज्याचा असतो. घराचे किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट असावे, अशी अट आहे. इंदिरा आवास योजनेत हे क्षेत्रफळ २० चौरस मीटर होते.

मात्र केवळ या रकमेकडे पाहून हिशेब करणे योग्य नाही. योजनेच्या रचनेत इतर योजनांची जोड गृहीत धरलेली आहे. स्वतःच्या घराच्या बांधकामावर केलेल्या कामासाठी सपाट प्रदेशात ९० व डोंगराळ प्रदेशात ९५ मनुष्यदिवसांची अकुशल मजुरी रोजगार हमीतून देण्याची तरतूद करण्यात आली. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी हा दर दिवसाला रु. ३१२ होता. त्यानुसार ९० दिवसांचे रु. २८,०८० होतात. शौचालयासाठी स्वच्छ भारत मिशनमधून रु. १२,००० मिळू शकतात. म्हणजे १,२०,००० रुपयांचे घरकुल प्रत्यक्षात १,६०,०८० रुपयांचे होते. याखेरीज २०२५ मध्ये राज्य शासनाने योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातील घरकुलांसाठी रु. ५०,००० ची वाढ केली. त्यापैकी रु. ३५,००० बांधकामासाठी व रु. १५,००० छतावरील सौर ऊर्जा यंत्रणेसाठी आहेत. इच्छुक लाभार्थ्यास रु. ७०,००० पर्यंत बँक कर्ज मिळवून देण्यास साहाय्य करावे, असेही केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत नमूद आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मूळ अनुदान आपोआप खात्यात येते, परंतु जोडीच्या रकमा आपोआप येत नाहीत. मजुरीसाठी हजेरीपत्रक निघावे लागते आणि शौचालयासाठी वेगळी नोंद व्हावी लागते. मजुरीचे दर व नियमही वेळोवेळी बदलतात. ज्या कुटुंबास याची माहिती नसते, त्याचे २८ हजार रुपये कागदावरच राहतात. पंचायत सदस्याने केलेली एक विचारणा अशा वेळी मोलाची ठरते.

राज्यात अनुसूचित जातींसाठी रमाई आवास योजना, अनुसूचित जमातींसाठी शबरी आवास योजना, पारधी समाजासाठी पारधी आवास योजना, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आणि २०२३ पासून इतर मागास प्रवर्गासाठी मोदी आवास घरकुल योजना आहे. कातकरी, कोलाम व माडिया गोंड या आदिम जमातींसाठी २०२३ मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय अभियानात घरासाठी रु. २,००,००० ची तरतूद आहे. तेव्हा केंद्रीय यादीत नाव नाही म्हणून कुटुंबास परत पाठविण्यापूर्वी ते अन्य कोणत्या योजनेत बसते, हे तपासणे इष्ट होय.

लाभार्थ्यांची निवड

पूर्वी दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांच्या यादीवरून निवड होत असे. २०१६ पासून २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय सर्वेक्षणाचा आधार घेण्यात आला. त्यातून सुटलेल्या कुटुंबांसाठी पुढे ‘आवास प्लस’ सर्वेक्षण झाले. प्रथम बेघर कुटुंबे आणि त्यानंतर एक वा दोन कच्च्या खोल्यांत राहणारी कुटुंबे, असा प्राधान्यक्रम असतो. निराधार, भिक्षेवर जगणारे, हाताने मैला वाहणारे, आदिम जमाती व मुक्त वेठबिगार यांचा समावेश अनिवार्य आहे. वगळण्याचे निकष २०२४ मध्ये शिथिल करण्यात आले. दुचाकी वाहन, शीतकपाट वा दूरध्वनी असल्यामुळे आता कोणी अपात्र ठरत नाही आणि मासिक उत्पन्नाची मर्यादा १० हजारांवरून १५ हजार रुपये झाली आहे.

संगणकाने तयार केलेली यादी ही अखेरची नव्हे. ती ग्रामसभेपुढे ठेवून पडताळणी करावी लागते. एखादे नाव वगळावयाचे तर ग्रामसभेने कारण नोंदवले पाहिजे, आणि ज्याचे नाव वगळले गेले त्यास जिल्हास्तरीय अपील समितीकडे दाद मागता येते. यासाठी ग्रामसभेस गरजू कुटुंबे प्रत्यक्ष हजर असणे आवश्यक आहे. ऊसतोडणीस वा वीटभट्टीवर गेलेली कुटुंबे गावात नसताना सभा उरकली, तर ज्यांच्यासाठी यादी आहे त्यांचाच आवाज तीत उमटत नाही. सभेची तारीख ठरविताना स्थलांतराचा हंगाम ध्यानी घेणे हे कोणत्याही नियमपुस्तिकेत नसले, तरी न्यायाचे आहे.

जागेचा अडसर

एक उदाहरण घेऊ. शेतमजुरी करणारी एक विधवा स्त्री, पदरी दोन मुले, कुडाच्या भिंतींची झोपडी आणि ती झोपडीही दुसऱ्याच्या जागेत. यादीत तिचे नाव वर आहे, कारण ती सर्वांत गरजू आहे. परंतु नमुना ८ मध्ये तिच्या नावे जागा नाही, म्हणून मंजुरी पुढे सरकत नाही. तिच्यापेक्षा कमी गरजू, पण स्वतःची जागा असलेल्या कुटुंबाचे घर मात्र उभे राहते. सर्वांत गरजू कुटुंब गरिबीमुळेच मागे पडावे, असा हा पेच आहे.

मार्गदर्शक सूचनांनुसार भूमिहीन लाभार्थ्यास जागा मिळवून देणे ही राज्याची जबाबदारी आहे. महाराष्ट्रात २०१५ मध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसाहाय्य योजना सुरू झाली. ५०० चौरस फुटांपर्यंत जागा विकत घेण्यासाठी आरंभी रु. ५०,००० पर्यंत मिळत असत. ही मर्यादा २०२४ मध्ये १ लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. शासकीय जमिनीवरील जुनी निवासी अतिक्रमणे अटींच्या अधीन राहून नियमानुकूल करण्याचे धोरणही राज्याने स्वीकारले आहे. मात्र गायरान व अन्य सामाईक जमिनींच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिलेल्या निर्णयाने कडक मर्यादा घातल्या आहेत, याचे भान ठेवूनच प्रस्ताव करावेत. गावठाणातील पडीक जागा, ग्रामपंचायतीच्या मालकीचे भूखंड आणि स्वेच्छेने जमीन विकण्यास तयार असलेले शेतकरी यांची नोंद पंचायतीने आधीच तयार ठेवली, तर मंजुरी येताच धावपळ करण्याची वेळ येत नाही. दोन-चार भूमिहीन कुटुंबांसाठी एकत्र जमीन घेतल्यास रस्ता, पाणी व वीज यांची सोयही सुलभ होते.

हप्ते आणि पाऊस

अनुदान एकरकमी मिळत नाही. मंजुरीनंतर सात कामकाजाच्या दिवसांत पहिला हप्ता खात्यावर जमा व्हावा, अशी अपेक्षा आहे. पुढील हप्ते पाया वा जोते, खिडकी वा लिंटलची पातळी आणि छप्पर अशा टप्प्यांशी बांधलेले असतात. प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र जागेच्या अक्षांश-रेखांशासह नोंदविल्यावरच पुढील रक्कम निघते. मंजुरीपासून बारा महिन्यांत घर पूर्ण व्हावे, असा दंडक आहे. पैसा अन्यत्र खर्च होऊ नये व घर खरोखरच उभे राहावे, हा या पद्धतीचा हेतू असून तो रास्त आहे.

परंतु ज्या कुटुंबाचे हातावर पोट आहे त्याच्या दृष्टीने या पद्धतीचा अर्थ असा, की काम आधी व पैसा नंतर. पहिल्या हप्त्यात पायाचे खोदकाम व काही सामान होते. जोत्यापर्यंत पोहोचण्यासाठी दुकानदाराची उधारी वा सावकाराचे कर्ज काढावे लागते. छायाचित्र घेणारा कर्मचारी पंधरा दिवस उशिरा आला, तर पंधरा दिवसांचे व्याज त्या कुटुंबावर चढते. उशीर मे महिन्यात झाला तर प्रश्न आणखी बिकट होतो. जुनी झोपडी त्याच जागी मोडलेली, नव्या भिंती कमरेएवढ्या आणि मृगाचा पाऊस दाराशी, अशा स्थितीत त्या कुटुंबाने चार महिने कोठे राहावे?

यावर उपाय फारसे खर्चाचे नाहीत. शक्य असेल तेथे जुने घर उभे ठेवून शेजारी नवे बांधावे. ज्यांना जुने घर मोडावेच लागते, त्यांची कामे पावसाळा संपताच प्रथम हाती घ्यावीत. गृहनिर्माण अभियंत्याने गावात येण्याचा वार ठरवून तो फलकावर लावावा. गावातील सर्व लाभार्थ्यांनी सिमेंट, पत्रे, खडी एकत्र खरेदी केल्यास भाव कमी पडतो आणि उधारीची मुदतही वाढवून मिळते. घरकुलांसाठी वाळू उपलब्ध करून देण्याबाबत शासनाने केलेल्या तरतुदीचा लाभ वेळेवर मिळावा म्हणून मागणीची यादी तहसील कार्यालयाकडे एकत्रित पाठवावी.

घर कोणी बांधावयाचे?

घर लाभार्थ्याने स्वतः बांधावे, त्यात ठेकेदार नसावा, असा योजनेचा स्पष्ट नियम आहे. घराची मंजुरी पती-पत्नींच्या संयुक्त नावे असावी; विधवा, अविवाहित वा विभक्त व्यक्तीच्या बाबतीत ती एकट्याच्या नावे होते. या नियमांमागे अनुभव आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत झालेल्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती व मातीची जड धाबी कोसळून हजारो माणसे गाडली गेली. त्यानंतरच्या पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली, तर दीड लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण मूळ जागी, घरमालकांच्याच हातून झाले. शासनाने पैसा व तांत्रिक सल्ला दिला, सामानाची निवड व देखरेख कुटुंबांनी केली. घर कसे असावे हे त्यात राहणाऱ्याला कळते आणि भिंतीत काय घातले जाते हेही तोच दक्षतेने पाहतो, हा धडा त्यातून मिळाला.

तथापि, स्वतः बांधावे याचा अर्थ एकट्याने बांधावे असा नव्हे. वृद्ध, अपंग वा एकट्या स्त्रीने गवंडी शोधणे, सामानाची घासाघीस करणे व वाहतूक ठरविणे ही अपेक्षा व्यवहार्य नाही. अशांच्या बाबतीत स्थानिक यंत्रणेने साहाय्य करावे, असे मार्गदर्शक सूचनाही सांगतात. असे साहाय्य झाले नाही, तर ती पोकळी कोणी मध्यस्थ भरतो व रकमेचा हिस्सा मागतो. योजनेत ग्रामीण गवंड्यांच्या प्रशिक्षणाची सोय आहे आणि प्रशिक्षणार्थी प्रत्यक्ष घरकुलावरच काम शिकतात. निराधारांची घरे या प्रशिक्षणासाठी प्रथम निवडली, तर दोन्ही हेतू साध्य होतील.

पंचायतीचे आणि शिक्षकाचे काम

ग्रामपंचायतीने प्रत्येक मंजूर घरकुलाची एक साधी नोंदवही ठेवावी. जागा आहे किंवा नाही, पहिला हप्ता कधी आला, जोते कधी झाले, छायाचित्र कधी घेतले, मजुरीचे हजेरीपत्रक निघाले काय, काम थांबले असल्यास कशासाठी, एवढे सहा रकाने पुरेत. मासिक सभेत ही वही वाचली गेली, तर कोणते घर कोठे अडले हे सर्वांना कळेल. आज ग्रामपंचायत अधिकारी या नावाने ओळखले जाणारे पूर्वीचे ग्रामसेवक, गटविकास अधिकारी व अभियंता यांनाही तिचा उपयोग होईल. मंजुरीपत्र, बँकेचा संदेश वा अपिलाचा अर्ज वाचून दाखविणारे माणूस गावात बहुधा शिक्षकच असते. त्याने पालकांच्या सभेत या तरतुदी समजावून सांगितल्या, तर अनेक कुटुंबांच्या फेऱ्या वाचतील.

योजनेची प्रगती आपण मंजुरीच्या व खर्चाच्या आकड्यांत मोजतो, आणि शासनाला तसे मोजावे लागते. गावाने मात्र ती वेगळ्या रीतीने मोजावी. यादीतील सर्वांत वरचे, सर्वांत गरजू नाव कोणाचे होते आणि त्या घरावर छप्पर चढले काय, हा प्रश्न प्रत्येक ग्रामसभेत प्रथम विचारला जावा. जेथे या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे येईल, तेथे अनुदानाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.