मुक्या सोबत्याचा ताप

कुत्र्याने अन्न टाकले, अंग तापले आणि कारण मात्र समजेना, म्हणजे घरातील मंडळींचा जीव टांगणीस लागतो. मुक्या प्राण्यास विचारावे तरी काय? रंकाळ्याकाठच्या आमच्या घरी मोत्याच्या नाकातून रक्त आले, तेव्हा शेजारणीने दृष्ट काढली. दृष्टीने इजा होत नाही खरी, परंतु वेळ जातो! रक्ततपासणीत 'एर्लिकिया' निघाला. हा गोचिडांमार्फत पसरणारा जंतू १९३५ साली अल्जीरियातील कुत्र्यांत प्रथम आढळला. त्यावर पशुवैद्य डॉक्सिसायक्लीन सुमारे २८ दिवस देतात. ताप बहुधा दोनतीन दिवसांतच उतरतो. तेवढ्यावरून औषध थांबवू नये, जंतू शरीरात दडून राहतो. माणसांची तापाची गोळी तर कदापि देऊ नये. ती कुत्र्यास विषासमान ठरू शकते. गोचिडी भिंतींच्या फटींतही अंडी घालतात, म्हणून कुत्र्याबरोबर घराचीही झाडझूड करावी लागते.