काचेतील लोह आणि मँगॅनीज : वर्णलोप व वर्णोद्भव

सावनेर तालुक्यातील गुमगाव हे नाव भूशास्त्राच्या अभ्यासकांस मँगॅनीजच्या खाणीमुळे परिचित आहे. या धातूच्या धातुकांचा मुख्य उपयोग पोलादनिर्मितीत होतो. तथापि मँगॅनीज डायऑक्साइडाचा काचेशी असलेला संबंध फार प्राचीन आहे. धात्वीय ऑक्साइडांमुळे काचेचे प्रकाशीय गुणधर्म कसे पालटतात, हे समजण्यास इतके बोधप्रद उदाहरण क्वचितच आढळेल.

सिलिका, सोडा व चुना यांपासून केलेली शुद्ध काच दृश्य प्रकाशास जवळजवळ पूर्ण पारदर्शक असते. वाळूतून येणारे लोह मात्र शेकडा ०.१ इतके अल्प असले, तरी जाड काचेस हिरवट छटा आणते. फेरस आयनांचा शोषणपट्ट सुमारे १०५० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे अवरक्त भागात असतो; परंतु त्याचा विस्तार तांबड्या प्रकाशापर्यंत पोचतो व काच निळसर दिसते. फेरिक आयन ३८० ते ४४० नॅनोमीटरच्या दरम्यान शोषण करून फिकट पिवळेपणा देतात. दोहोंच्या संयोगाने हिरवा रंग उद्भवतो.

मँगॅनीजचे कार्य येथे दुहेरी असते. त्रिसंयुजी मँगॅनीज फेरसचे फेरिकमध्ये रूपांतर करते व स्वतः जवळजवळ वर्णहीन अशा द्विसंयुजी अवस्थेस जाते. शिल्लक राहिलेले त्रिसंयुजी आयन ५०० नॅनोमीटरच्या आसपास शोषण करतात. त्यांची जांभळी छटा उरलेल्या पिवळसर-हिरव्या छटेस पूरक ठरते. युरोपातील काचकारांनी या द्रव्यास ‘काचेचा साबण’ म्हटले ते यामुळेच. परंतु हा साबण मळ धुऊन काढीत नाही. लोह काचेतच राहते, दोन्ही शोषणांची बेरीज होते, आणि काच वर्णहीन भासली तरी तिच्यातून जाणारा प्रकाश घटतो. म्हणून भिंगाच्या काचेस अत्यल्प लोहाची वाळूच लागते. खाणीतील धातुक तसेच दळून घातल्यास त्यातील लोहाची आणखी भर पडते, हेही ध्यानात ठेवावे.

हा समतोल चिरस्थायी नसतो. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे द्विसंयुजी मँगॅनीज एक इलेक्ट्रॉन गमावते, आणि अनेक वर्षांनी जुनी तावदाने जांभळी होतात. तीच काच पुरेशी तापविली असता रंग पुन्हा मावळतो. भट्टीतील वातावरण क्षपणकारक असल्यासही तो उमटत नाही.

सारांश, काचेचा रंग केवळ ऑक्साइडाच्या शेकडेवारीवरून सांगता येत नाही. रासायनिक पृथक्करणाबरोबर आयनांची संयुजा व भट्टीतील वातावरण यांचीही नोंद असेल, तरच वर्णपटाचा अर्थ लागतो.