आजीला सगळं माहीत होतं: एकमेकांच्या नोंदी वाचत संशोधन कसं शिकतात

मागच्या भागानंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, "ताई, तू ते मेडिकल सोशिऑलॉजी म्हणतेस ते नक्की असतं काय? आणि असलं काही माणूस शिकतो कुठून?" आजचा अख्खा भाग त्यावरच आहे. लोकलच्या गर्दीत नीट ऐकू येत नाही म्हणणाऱ्यांसाठी हा लिखित अवतार. माझं अडखळणं तेवढं काढलंय, बाकी बोलले तसंच ठेवलंय.

सुरुवात माझ्या आजीपासून करते.

काही वर्षांपूर्वी आजीला पोटाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी बाबांना आणि काकांना व्हरांड्यात बोलावून सांगितलं. बाबांचं पहिलं वाक्य होतं, "तिला काही सांगू नका." मग आम्ही सगळ्यांनी मिळून तिला अल्सर झालाय असं ठरवून टाकलं. आत्या डबा आणायची तेव्हा आधी जिन्यात रडून घ्यायची, तोंड धुवायची आणि मग वॉर्डात शिरायची. नर्स सलाईन बदलताना पावसापाण्याचं बोलायच्या. आजी पुढच्या दिवाळीच्या अनारशांचं बोलायची.

एका रात्री मी सोबतीला होते. दोन वाजले असतील. आजी हळूच म्हणाली, "तुझ्या बाला सांगू नगंस, मला समदं कळलंय म्हणून. त्याला सोसायचं न्हाई."

दीड महिन्यात ती गेली. मी बाबांना काही सांगितलं नाही.

आजार एकट्या शरीराचा नसतो

पुढे समाजशास्त्रात एमए करताना एक पुस्तक हातात पडलं, 'अवेअरनेस ऑफ डाइंग'. साल 1965. लेखक बार्नी ग्लेझर आणि अन्सेल्म स्ट्रॉस, दोघंही अमेरिकन समाजशास्त्रज्ञ. सॅन फ्रान्सिस्को आणि आसपासच्या सहा हॉस्पिटलांमध्ये जाऊन त्यांच्या गटानं पाहिलं, की माणूस मरणाच्या दारात असतो तेव्हा कुणाला काय माहीत असतं आणि कोण काय माहीत असल्याचं दाखवतं.

त्यांनी चार परिस्थिती मांडल्या. पहिली, सगळ्यांना माहीत, फक्त पेशंटला नाही. दुसरी, पेशंटला संशय येतो आणि तो आडून आडून विचारत राहतो. तिसरी, दोन्हीकडच्यांना माहीत, पण दोघंही माहीत नसल्याचं सोंग घेतात. चौथी, सगळं उघड.

तिसरी वाचली आणि मी पुस्तक मिटून ठेवलं. आमचा वॉर्ड होता तो! अनारसे, अल्सर, जिन्यातलं रडणं, सगळं त्या एका परिस्थितीत बसत होतं. आपल्या घरापुरती वाटणारी गोष्ट माणसं ठरावीक रीतीनं करतात, त्या रीतीला नाव देता येतं, हे मला तेव्हा कळलं.

मेडिकल सोशिऑलॉजी, म्हणजे वैद्यकीय समाजशास्त्र, हेच काम करतं. गाठ कशानं झाली हे डॉक्टर बघतात. ती झाल्यावर घर, वॉर्ड, पैसा, नाती आणि बोलणं कसं बदलतं, कोण कुणाला काय सांगतं, आजारी माणसाकडून काय अपेक्षा ठेवतात, हे समाजशास्त्रज्ञ बघतो.

हे पुस्तक एकट्यानं झालेलं नाही

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हे शिकतात कसं?

स्ट्रॉस शिकागोत घडलेला. तिथली परंपरा अशी, की माणसांमध्ये जाऊन बसा, बघा, ऐका, रोज लिहून काढा. ग्लेझर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातला, जिथे आकडेवारी आणि काटेकोर सिद्धान्तमांडणी यांवर भर होता. दोघांची शिस्त वेगळी, आणि वयात चौदा वर्षांचं अंतर. दोघांनीही त्या सुमारास आपापल्या घरातला मृत्यू पाहिला होता.

ते एकत्र आले ते नर्सिंगच्या शाळेत! 1960 मध्ये स्ट्रॉसला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोमधल्या नर्सिंग स्कूलनं बोलावलं. डीन होत्या हेलन नाम. नर्सेसनी संशोधन शिकावं आणि त्यासाठी समाजशास्त्रज्ञ शेजारी असावा, असा विचार होता.

त्यांच्या गटात जीन क्विंट नावाची नर्स होती. वॉर्डात शिरल्यावर समाजशास्त्रज्ञाला जे दिसतं आणि नर्सला जे दिसतं, त्यात फरक असतो. कुठल्या खाटेशी नर्स कमी थांबते, कुठला प्रश्न आला की ती उशी नीट करायला लागते, हे आतल्या माणसाला लवकर कळतं. उलट आतल्या माणसाला रोजचं झालेलं बाहेरच्याला खटकतं. एकानं दुसऱ्याला "हे असं का?" विचारायचं, दुसऱ्यानं "यात काय विशेष?" म्हणायचं, आणि तिथून काम पुढे सरकायचं.

क्विंटनं 1967 मध्ये स्वतःचं पुस्तक काढलं, 'द नर्स अँड द डाइंग पेशंट'. मरणाऱ्या माणसाशी वागायला नर्सिंगच्या विद्यार्थिनी कशा शिकतात, हा त्याचा विषय. पण गटाचं जे पुस्तक जगभर गाजलं, त्याच्या मुखपृष्ठावर नावं दोनच, ग्लेझर आणि स्ट्रॉस. हे मी मुद्दाम सांगतेय. सोबतीनं काम करताना श्रेय कुणाला, नाव कुणाचं, हे आधी बोलून घ्यायचं असतं. ज्युनिअरनं ते विचारणं म्हणजे आगाऊपणा नव्हे.

वर्गात बसून एकमेकांचं वाचणं

1967 मध्येच ग्लेझर आणि स्ट्रॉस यांनी आपली पद्धत पुस्तकात मांडली. तिला ग्राउंडेड थिअरी म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचं तर आधी सिद्धान्त ठरवून त्यात माणसं कोंबायची नाहीत. आधी नोंदी करायच्या, त्या ओळीनं वाचायच्या आणि प्रत्येक ओळीत काय घडतंय त्याला नाव द्यायचं. याला कोडिंग म्हणतात, मोबाईल ॲपच्या कोडिंगशी त्याचा काही संबंध नाही. आत्या तोंड धुऊन आत येते, याचं नाव 'चेहरा तयार करणं'. आजी अनारशांचं बोलते, याचं नाव 'पुढचं बोलून आजचं टाळणं'. अशी नावं जमत गेली की ती एकमेकांशी ताडून बघायची आणि सुचेल ते लगेच एका छोट्या टिपणात उतरवायचं. त्या टिपणाला मेमो म्हणतात.

वाचताना सोपं वाटतं. करायला बसलं की पहिल्याच पानावर गाडी रुतते. म्हणून स्ट्रॉस हे गटात शिकवायचा. विद्यार्थ्यानं आपली मुलाखत किंवा नोंद आणायची, सगळ्यांनी मिळून तिच्यावर बसायचं. 1987 मधल्या त्याच्या 'क्वालिटेटिव्ह ॲनालिसिस फॉर सोशल सायंटिस्ट्स' या पुस्तकात अशा वर्गांमधलं बोलणं जसंच्या तसं उतरवून छापलंय. म्हणजे आपल्या या ब्लॉगसारखंच की! एक जण माहिती मांडतो, दुसरा शंका काढतो, स्ट्रॉस मध्येच अडवून एखाद्या शब्दावर सगळ्यांना थांबवतो. उत्तर हातात देत नाही, प्रश्न कसा विचारायचा ते दाखवतो.

1968 मध्ये तिथे समाजशास्त्राची पीएचडी सुरू झाली, तेव्हाच्या पहिल्या विद्यार्थ्यांमध्ये कॅथी चारमाझ होती. आधी ती ऑक्युपेशनल थेरपिस्ट होती, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारी. पुढे तिनं 'गुड डेज, बॅड डेज' लिहिलं, 1991 मध्ये. वर्षानुवर्षं आजार घेऊन जगणाऱ्या माणसाला स्वतःविषयी काय वाटतं, त्याचा वेळ कसा बदलतो, यावर. गुरूंची पद्धत तिनं घेतली, पण संशोधक स्वतःही त्या गोष्टीत असतो, हे ठामपणे मांडून ती बदललीही. आणि सोनोमा स्टेट विद्यापीठात तिनं प्राध्यापकांसाठी लेखनाचा उपक्रम चालवला. हो, प्राध्यापकांसाठी! लिहिताना अडकणं फक्त विद्यार्थ्यांचं नसतं.

सगळं गोड गोड नव्हतं बरं का. 1990 मध्ये स्ट्रॉसनं ज्युलिएट कॉर्बिनबरोबर या पद्धतीचं पाठ्यपुस्तक काढलं. ग्लेझरला ते मान्य नव्हतं. त्यानं ते मागे घ्यायला सांगितलं आणि 1992 मध्ये विरोधात स्वतंत्र पुस्तकच छापलं. पंचवीस वर्षांपूर्वी एकत्र लिहिणारे दोघं या पद्धतीवरून वेगळे झाले. सोबत म्हणजे कायमचं एकमत, असं कुणी समजू नये.

माझी वही आठ महिने बंद

हे सगळं वाचूनही मी काय केलं? एमएच्या प्रबंधासाठी एका हॉस्पिटलात पेशंटच्या नातेवाइकांशी बोलले, साठ पानं नोंदी केल्या आणि आठ महिने कुणाला दाखवल्या नाहीत. गाईड मॅडमनी दोनदा विचारलं, मी दोनदा "थोडं नीट करून देते" म्हणाले. खरं कारण भीती. मला वाटायचं, हे संशोधन नाहीच, ही माझी रडारड आहे.

शेवटी आमच्याच विभागात पीएचडी करणाऱ्या एका ताईनं वही मागून घेतली. ती आधी बारा वर्षं नर्स होती. दोन दिवसांनी वही परत देताना कौतुक नाही, टीका नाही, एकच प्रश्न. "सगळ्या नोंदी दुपारी चार ते सहाच्या आहेत. रात्रीचं कुठाय?"

मी भेटीच्या वेळेत जात होते, कारण तेव्हा नातेवाईक सापडायचे. पण भेटीच्या वेळी सगळे चेहरा तयार करून आलेले असतात. खरं बोलणं दिवे मंद झाल्यावर होतं. हे मला माहीत होतं, रात्री दोन वाजता आजीच्या खाटेशी मीच बसले होते. तरी माझ्या साठ पानांत एकही रात्र नव्हती. कदाचित म्हणूनच नव्हती.

मग मॅडमची आणि हॉस्पिटलची परवानगी काढून मी रात्रपाळीच्या वेळी गेले. प्रबंधाचं चांगलं प्रकरण तेच झालं.

तुमच्यासाठी चार गोष्टी

पहिली: साठ पानं पाठवू नका, दोन पाठवा, आणि सोबत एक नेमका प्रश्न लिहा. "कसं वाटलं?" याला उत्तर "छान" एवढंच येतं.

दुसरी: वाचणारा आपल्याच विषयातला हवा असं नाही. माझ्या कामात नर्स हवी होती. तुमच्या कामात आशाताई असेल, औषधाच्या दुकानातला दादा असेल.

तिसरी: पेशंटचं नाव, खाट, गाव, फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत. आपापसात वाचतानासुद्धा नावं बदलूनच वाचायची. त्या माणसानं बोलणं आपल्याला दिलंय, ग्रुपला नाही.

चौथी: आपल्याकडेही ही परंपरा आहे. 1974 मध्ये सुरू झालेल्या मेडिको फ्रेंड सर्कलमध्ये डॉक्टर, आरोग्य कार्यकर्ते आणि समाजशास्त्राचे अभ्यासक वर्षातून एकदा जमत आले आहेत. अनेकदा आपल्या सेवाग्रामला. एखादा विषय घ्यायचा, आधी टिपणं लिहायची, मग समोरासमोर भांडायचं. मोठी संस्था नसली तरी चालतं. तीन मैत्रिणी आणि महिन्यातला एक रविवार एवढ्यावरही सुरुवात होते.

जाता जाता एक. हा भाग टाकायच्या आधी मी बाबांना ऐकवला. त्यांच्या आईची गोष्ट, त्यांना न विचारता तुम्हाला कशी सांगणार? आजीचं वाक्य आलं तेव्हा त्यांनी हातानंच थांबवायला सांगितलं. बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. मग म्हणाले, "मला वाटायचंच तिला कळलंय. पण विचारलं असतं तर तिला त्रास झाला असता."

म्हणजे दोघंही एकमेकांना सांभाळत होते. शेवटी बाबाच म्हणाले, "टाक. कुणाच्या तरी घरी उपयोग होईल."

तर टाकला. तुमच्याकडे अशी बंद वही असेल तर या आठवड्यात त्यातली दोन पानं कुणाला तरी वाचायला द्या. भेटू पुढच्या भागात!