परळमधले उरलेले भ्रूण

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. त्या कामात परळचीच प्रजनन संशोधन संस्था सहभागी होती. पुढे याच संस्थेने वंध्यत्व उपचारांतून उरलेल्या भ्रूणांपासून ‘काइंड-१’ आणि ‘काइंड-२’ या मूळपेशींच्या मालिका, म्हणजे प्रयोगशाळेत वाढत राहणारे पेशींचे संच, तयार केल्या.

साधारण पाच दिवसांच्या भ्रूणातल्या या मूळपेशींपासून शरीरातली जवळपास कोणतीही पेशी घडवता येते. मधुमेह, पार्किन्सनवर त्यामुळेच आशा आहे. पण त्या काढताना भ्रूण संपतो. वाद पेटतो तो इथे.

अमेरिकेत २००१ साली बुश सरकारने नव्या मालिकांचा निधी रोखला, तेव्हा निधीसाठी मान्य असलेल्या जुन्या मालिकांच्या यादीत मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या सात मालिका होत्या!

आपल्याकडे खरा प्रश्न संमतीचा. उपचारांच्या खर्चाने वाकलेले जोडपे उरलेले भ्रूण मागणाऱ्या डॉक्टरांना ‘नाही’ म्हणू शकेल? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दात्यांची समजूनउमजून दिलेली संमती लागते आणि भ्रूण चौदा दिवसांपुढे वाढवता येत नाही. भ्रूणविक्री तर २०२१ च्या कायद्याने गुन्हाच ठरवली.

२००७ मध्ये जपानचे शास्त्रज्ञ यामानाका यांनी माणसाच्या त्वचेतल्या पेशींपासून तशाच पेशी बनवल्या. तरीही तुलनेसाठी प्रयोगशाळांना भ्रूणपेशी लागतातच.